मलिक अंबर : कारभाऱ्यांवर नजर ठेवणारा हबशी पेशवा

सकाळी सातच्या सुमारास कळवा नाक्यावर उभे राहून बघा. कोणी विटाव्यावरून ऐरोली, रबाळे, महापेच्या बाजूला निघालेला असतो, कोणी खाडीपूल ओलांडून ठाण्याला. या गर्दीत आपल्या समाजातली मुलेही खूप असतात. त्यांच्यातले काही आता नुसते कामगार राहिलेले नाहीत. कोणी सुपरवायझर झालाय, कोणी साइटवर मुकादम आहे, कोणी चार-पाच माणसे ठेवून स्वतःचे गॅरेज किंवा फॅब्रिकेशनचे दुकान चालवतो. आणि या सगळ्यांची तक्रार एकच असते. आपण समोर असतो तोवर माणसे काम करतात, पाठ फिरली की हात थांबतात. मग कॅमेरे लागतात, अंगठ्याची हजेरी लागते, दर दोन तासांनी व्हॉट्सॲपवर फोटो मागवले जातात. तरी काम काही सुधारत नाही.

दुसऱ्या बाजूला कामगाराला विचारा. तो म्हणतो, साहेब दिवसभर डोक्यावर बसतात, पण कामाचा हिशेब कसा लावतात ते कधी सांगत नाहीत. नियम रोज बदलतो. पगार कापला तर का कापला, ते कळत नाही.

हा प्रश्न आजचा नाही. चारशे वर्षांपूर्वी याच महाराष्ट्राच्या भूमीवर एका माणसाने तो फार मोठ्या प्रमाणावर हाताळला होता. त्यांचे नाव मलिक अंबर. मे 1626 मध्ये त्यांचा इंतकाल झाला, म्हणजे 2026 मध्ये त्याला चारशे वर्षे होतात. मोगलांना वीस-पंचवीस वर्षे दमवणारे योद्धे म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण हजारो कारभाऱ्यांकडून, पाटलांकडून आणि सैनिकांकडून काम कसे करून घ्यायचे, याची एक पद्धत त्यांनी घालून दिली. ती पद्धत त्यांच्या तलवारीपेक्षा जास्त काळ टिकली. आणि जिथे ही पद्धत नव्हती, जिथे सगळे त्यांच्या एकट्याच्या धाकावर उभे होते, तिथे त्यांच्या मागे सात वर्षांत सारे कोसळले. आपल्यासाठी या दोन्ही गोष्टींत धडा आहे.

चापूचा अंबर झाला

मलिक अंबर यांचा जन्म 1548 च्या सुमारास आजच्या इथिओपियात झाला. आईबापांनी दिलेले नाव चापू. लहान वयातच ते गुलामांच्या बाजारात गेले आणि लाल समुद्राच्या काठावर, येमेनमधल्या मोखा बंदरात, विकले गेले. तिथून ते बगदादला पोहोचले. तिथे मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याने त्यांना घेतले. या मालकाने मुलाची हुशारी ओळखली, त्याला शिकवले, इस्लामची दीक्षा दिली आणि अंबर हे नाव दिले.

अंबर यांच्या आयुष्याला इथे वळण मिळाले. वाचता-लिहिता येणारा, हिशेब समजणारा गुलाम ही साधी गोष्ट नव्हती. 1570 च्या दशकाच्या सुरुवातीला ते दख्खनमध्ये आले आणि अहमदनगरच्या निजामशाहीत विकले गेले. त्यांना विकत घेणारा होता चंगेज खान, मुर्तजा निजामशहाचा पेशवा. नावावरून मंगोल वाटेल, पण हा चंगेज खान स्वतः हबशी होता आणि एके काळी स्वतःही गुलाम होता. त्याच्या पदरी सुमारे एक हजार हबशी गुलाम होते. त्यांच्यात राहून अंबर यांनी राज्य कसे चालते ते जवळून पाहिले. दरबार, फौज आणि वसुली, तिन्ही ठिकाणचे व्यवहार त्यांच्या नजरेखालून गेले.

दख्खनमधली गुलामी अमेरिकेतल्या मळ्यांवरच्या गुलामीसारखी नव्हती, हे ध्यानात ठेवले पाहिजे. इथे गुलाम लष्करात जाई, कर्तबगारी दाखवून मोकळा होई आणि सरदारही बनू शके. पण गुलामी ती गुलामीच. दुसऱ्याच्या नजरेखाली दिवस काढणे म्हणजे काय, हे अंबर यांनी पुस्तकात वाचलेले नव्हते. ते त्यांनी भोगलेले होते.

दीडशे स्वारांपासून सुरुवात

1575 च्या सुमारास चंगेज खान मरण पावला आणि त्याच्या विधवेने अंबर यांना मोकळे केले. पुढची वीसेक वर्षे ते नोकरीच्या शोधात दख्खनमध्ये फिरले. विजापूरच्या आदिलशाहीत त्यांनी चाकरी केली, तिथेच त्यांना मलिक हा किताब मिळाला. हाताखाली दीडशे-एक स्वार होते. 1595 च्या सुमारास ते निजामशाहीत परत आले आणि अभंग खान या हबशी सरदाराकडे रुजू झाले. तेव्हा त्यांचे वय सत्तेचाळीसच्या आसपास होते. आपल्याकडे या वयात माणूस म्हणतो, आता काय व्हायचंय ते झालं. मलिक अंबर यांचे खरे काम इथून सुरू झाले.

काळ वाईट होता. अकबराच्या फौजा दख्खनवर चालून आल्या होत्या. चाँदबीबीने अहमदनगरचा किल्ला झुंजवला, पण 1600 मध्ये तिचा खून झाला आणि किल्ला पडला. लोकांना वाटले, निजामशाही संपली. मलिक अंबर यांनी राजघराण्यातला एक वारस शोधला, त्याला दुसरा मुर्तजा निजामशहा म्हणून परांड्याला गादीवर बसवले, आपली मुलगी त्याला दिली आणि स्वतः पेशवे होऊन कारभार हाती घेतला. राजू दखनी नावाचा प्रतिस्पर्धी काही वर्षे त्यांच्या समोर होता. त्याला बाजूला केल्यावर निजामशाहीची सूत्रे पूर्णपणे त्यांच्याकडे आली. राजधानी काही काळ जुन्नरला होती. 1610 मध्ये त्यांनी खडकी वसवली. हेच पुढे औरंगाबाद झाले आणि आजचे छत्रपती संभाजीनगर.

या राज्याचा पसारा आपल्या दारापर्यंत होता. कल्याण-भिवंडीचा मुलूख तेव्हा निजामशाहीकडे होता, तर खाडीपलीकडचे ठाणे पोर्तुगीजांच्या हातात. म्हणजे मलिक अंबर यांचा कारभार आपल्या शेजारच्या गावांनी अनुभवलेला आहे.

इजारा का बंद केला?

मोगलांशी लढायचे तर पैसा हवा. फौजेचा पगार थकला की फौज पांगते. आणि पैसा येणार कुठून? शेतीतून. पण लढायांनी गावे ओस पडली होती आणि वसुलीची जुनी रीत सडली होती.

ती रीत होती इजाऱ्याची. इजारा म्हणजे काय तर वसुलीचा ठेका. सरकार एखादा परगणा बोलीवर देई. जो जास्त रक्कम कबूल करील तो इजारदार. सरकारला ठरलेली रक्कम मिळाली की झाले, गावातून किती ओढले ते कोणी विचारत नसे. इजारदाराची मुदत थोडी, पुढच्या वर्षी दुसरा कोणी जास्त बोली लावील याची भीती. म्हणून तो असेल तेवढे खरवडून नेई. शेतकरी गाव सोडून पळे, जमीन पडीक होई आणि पुढच्या वर्षी सरकारचेच नुकसान होई.

आज लेबर कॉन्ट्रॅक्ट कसे चालते ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे ओळखीचे वाटेल. मालक ठेकेदाराला रक्कम देतो आणि डोळे मिटतो. ठेकेदार पोटठेकेदाराला देतो. शेवटी जो खरोखर काम करतो त्याच्या हातात किती पडते, हे मालकाला माहीतच नसते. देखरेख सोपी व्हावी म्हणून ठेका दिला जातो, आणि ठेका दिला की देखरेखच उरत नाही.

मलिक अंबर यांनी इजारा बंद केला. डोक्यावरचे काम दुसऱ्यावर ढकलण्याचा सोपा रस्ता त्यांनी सोडला. फौज सांभाळायची, मोगलांशी लढायचे, वर दरबारातले कारस्थान बघायचे, आणि त्यात हजारो गावांच्या वसुलीची जबाबदारी सरकारच्या अंगावर घ्यायची. हे सोपे नव्हते.

मलिकंबरी धारा

इजाऱ्याच्या जागी जी पद्धत आली तिला पुढे मलिकंबरी धारा म्हणू लागले. तिचे मुख्य भाग समजून घेऊ.

जमिनीची प्रत ठरवली गेली. बागाईत वेगळी, जिराईत वेगळी, काळी वेगळी, हलकी वेगळी. सारा सुरुवातीला पिकाचा हिस्सा म्हणून घेतला जाई, साधारण पाचात दोन वाटे. काही हंगामांचा अनुभव घेतल्यावर, खरोखर किती पिकते ते कळल्यावर, या हिश्शाची रोख रक्कम ठरवली गेली. ती उत्पन्नाच्या तिसऱ्या भागाच्या आसपास होती. आणि दरवर्षी लागवड बघून हिशेब होई. जेवढी जमीन पेरली तेवढ्याचा सारा. पडीक राहिली तर तिचा भार पेरलेल्या जमिनीवर टाकायचा नाही.

यातला क्रम बघा. आधी त्यांनी अंदाजाने आकडा ठोकला नाही. आधी खळ्यावर प्रत्यक्ष धान्य मोजले, काही वर्षे मोजले, आणि मग आकडा ठरवला. आपल्याकडे उलटे होते. वर बसलेला माणूस टार्गेट ठरवतो आणि खालच्याला सांगतो, कसंही कर. त्या माणसाने ते काम स्वतः एकदाही मोजलेले नसते. दिवसाला किती नग होतात, मशीन किती वेळ बंद असते, कच्चा माल कधी उशिरा येतो, हे त्याला ठाऊक नसते. असे टार्गेट आले की खालचा माणूस एकतर खोटे लिहितो, नाहीतर नोकरी सोडतो. मलिक अंबर यांच्या काळात गाव सोडत होते, एवढाच फरक.

दुसरे म्हणजे गावाची जुनी व्यवस्था त्यांनी मोडली नाही. ती खिळखिळी झाली होती, तिला परत उभे केले. पाटील वंशपरंपरेने गावचा प्रमुख, कुळकर्णी लिहिणारा, वर देशमुख-देशपांडे. पाटलाला वसुलीसाठी जबाबदार धरले, पण त्याचे वतनही पक्के केले. म्हणजे जबाबदारी आणि हक्क दोन्ही त्याच्याच हाती. पिढ्यान्पिढ्या त्याच गावात राहायचे असल्यामुळे पाटलाला गाव उजाड करणे परवडणारे नव्हते. इजारदाराला ते परवडत होते, कारण त्याला उद्या निघून जायचे होते.

दोन हातांचा हिशेब

आता देखरेखीचा खरा भाग. वसुलीचे लिखाण आणि हिशेब बहुतेक ब्राह्मण कारकुनांच्या हाती होते. त्यांच्यावर देखरेख मुसलमान अंमलदारांची. ग्रँट डफ या ब्रिटिश अधिकाऱ्याने 1826 मध्ये, मलिक अंबर वारल्याला दोनशे वर्षे झाली त्या साली, मराठ्यांचा इतिहास छापला. त्यात ही व्यवस्था त्याने मुद्दाम नोंदवली आहे.

हे फक्त जातीधर्माच्या नजरेने वाचू नका. लिहिणारा एक, तपासणारा दुसरा. दोघांची मंडळी वेगळी, म्हणून दोघांनी मिळून खाणे अवघड. खाली पाटील, जो दोघांनाही तोंड देणारा. आणि सगळ्यात खाली शेतकरी, ज्याला आपल्या जमिनीची प्रत आणि आपला धारा आधीपासून माहीत. कोणी जास्त मागितले तर ते त्याला तिथल्या तिथे कळणार. अंमलदार एकटा किती गावांवर नजर ठेवील? पण दर सर्वांना ठाऊक असला की गावचे अख्खे लोकच तपासनीस होतात.

आपल्या दीनमध्ये ही गोष्ट नवीन नाही. हजरत उमर (रजि.) आपल्या अधिकाऱ्यांची नेमणूक करताना त्यांच्या मालमत्तेची नोंद घेत. हजच्या वेळी अधिकाऱ्यांना बोलावत आणि त्या त्या प्रांतातल्या सामान्य माणसाला सगळ्यांसमोर तक्रार करण्याची मुभा असे. तक्रार आली की हजरत मुहम्मद बिन मस्लमा (रजि.) यांच्यासारख्या भरवशाच्या सहाबींना चौकशीला पाठवत. तिथेही तत्त्व हेच. वरून बघणारा एकटा पुरत नाही. ज्याच्यावर अंमल चालतो त्यालाही बोलता आले पाहिजे.

आणि जाता जाता एक गंमत. आज आपण कामावर जे शब्द वापरतो, हजेरी, मुकादम, कारकून, अंमलदार, हवालदार, वसूल, जमाखर्च, ते सगळे फारसी-अरबीतून आलेले. दख्खनच्या याच दफ्तरांतून ते मराठीत मुरले. मुकादम हा शब्द तर तेव्हा पाटलालाच वापरत. त्याचा मूळ अर्थ पुढे असलेला, पुढे चालणारा. मागून हाकणारा असा नाही.

नहर : तपासता येईल असे काम

खडकी वसवली तेव्हा पाण्याचा प्रश्न होता. मलिक अंबर यांनी शहराच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातले जमिनीखालचे पाणी भुयारी नहरीने शहरात आणले. ना मोट, ना पंप. जमिनीचा उतार अचूक धरून पाणी आपोआप वाहील असे बांधकाम. हीच नहर-ए-अंबरी. शहराने तिचे पाणी तीनशेहून जास्त वर्षे वापरले. पुष्कळ लोक पाणचक्की बघून ती मलिक अंबर यांची समजतात. पाणचक्की नंतरच्या काळातली आहे, पण डोंगरातले पाणी नळाने शहरात आणण्याची रीत या शहरात रुजली ती नहर-ए-अंबरीपासून.

या नहरीवर ठरावीक अंतराने उभ्या विहिरीसारखी तोंडे ठेवलेली आहेत. तिथून हवा खेळते, आणि तिथून माणूस आत उतरून गाळ काढू शकतो, फूट कुठे आहे ते बघू शकतो. भुयारी काम म्हणजे एकदा बुजवले की दिसेनासे होते. त्याची तपासणी करायची सोय बांधतानाच ठेवली, म्हणून ते शतके टिकले.

प्लंबिंग, वायरिंग, बांधकाम या धंद्यांत आपली पुष्कळ माणसे आहेत. त्यांना याचे मोल सांगायला नको. भिंतीत पाइप गाडून प्लास्टर केले की मिस्त्रीने काय केले ते साहेबाला कळत नाही. हुशार मुकादम प्लास्टरच्या आधी बघतो. काम झाल्यावर माणसाला झापण्यापेक्षा, काम चालू असताना कुठे थांबून बघायचे ते आधी ठरवलेले बरे.

खडकीत त्यांनी आणखीही खूप बांधले. मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून भडकल दरवाजा, राहण्यासाठी नौखंडा महाल आणि मशिदी. भडकल दरवाजा आजही उभा आहे.

छावणीतली शिस्त

मलिक अंबर यांची फौज एका जातीची नव्हती. हबशी, दखनी मुसलमान आणि मराठे तिच्यात होते. विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने 1610 च्या सुमारास जो आकडा लिहून ठेवला त्यात सुमारे दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दखनी येतात. शहाजीराजे भोसले, त्यांचे भाऊ शरीफजी, सिंदखेडचे लखुजी जाधव, हे सगळे वेगवेगळ्या वेळी या फौजेत होते. बारगीर स्वारांनी झटपट छापे घालायचे, मोगलांची रसद तोडायची, मोठी लढाई टाळायची, ही गनिमी काव्याची पद्धत त्यांनी मोठ्या प्रमाणावर वापरली. जहाँगीर त्यांच्यावर इतका चिडून होता की मलिक अंबर यांच्या कापलेल्या मुंडक्यावर आपण बाण मारतोय असे चित्र त्याने काढून घेतले. प्रत्यक्षात ते मुंडके त्याला कधीच मिळाले नाही.

1617 मध्ये पीटर व्हान डेन ब्रुके नावाचा डच व्यापारी त्यांच्या छावणीत जाऊन आला. त्याने तिथली कडक शिस्त लिहून ठेवली आहे. दारू पिणाऱ्याला तर भयंकर शिक्षा होती. प्रवाशांना त्यांच्या मुलुखात सुरक्षित वाटे. नमाजी, दानधर्म करणारे आणि न्यायी अशी त्यांची ख्याती होती.

पण इथे थांबून विचार करायला हवा. सारावसुलीत जे होते ते छावणीत आणि दरबारात नव्हते. गावात नियम होता. दरबारात मलिक अंबर होते.

जिथे धाक पुरला नाही

1616 मध्ये त्यांचे काही मोठे सरदार मोगलांना जाऊन मिळाले. त्यांत हबशीही होते आणि मराठेही, लखुजी जाधवांसह. हे लोक आतल्या खाचाखोचा जाणत होते. रोशनगावच्या लढाईत मलिक अंबर यांचा मोठा पराभव झाला आणि मोगलांनी खडकीत शिरून जाळपोळ केली. पुढच्या वर्षी शाहजादा खुर्रमशी तह करून अहमदनगरचा किल्ला सोडावा लागला.

ते परत उठले. 1624 मध्ये अहमदनगरजवळ भातवडीला मोगल आणि आदिलशाही अशा दोन फौजा एकदम समोर आल्या. मलिक अंबर यांनी तलावाचा बांध फोडून शत्रूच्या छावणीत पाणी सोडले, चिखल केला, रसद तोडली आणि मग घाला घातला. विजापूरचा सेनापती मुल्ला मुहम्मद लारी मारला गेला. शहाजीराजे या लढाईत चमकले, त्यांचे भाऊ शरीफजी कामी आले. वयाच्या पंच्याहत्तरीत मिळवलेला हा त्यांचा सगळ्यात मोठा विजय.

आणि त्यानंतर वर्षभरात शहाजीराजे आदिलशाहीत निघून गेले. विजयाचा मुख्य शिलेदार विजयानंतर सोडून गेला. कारणे इतिहासकार वेगवेगळी सांगतात. पण एवढे दिसते की सरदाराची कामगिरी कशी मोजायची, त्याचा मोबदला कसा ठरायचा, याचा शेतकऱ्याच्या धाऱ्यासारखा ठरलेला, सगळ्यांना माहीत असलेला हिशेब नव्हता. सारे पेशव्याच्या मर्जीवर आणि एकमेकांच्या मानापमानावर चाललेले. शेतकऱ्याला जो न्याय मिळाला तो सरदाराला मिळाला नाही.

मागे काय उरले

मे 1626 मध्ये, ऐंशीच्या घरात असताना, मलिक अंबर वारले. खुलताबादला त्यांची कबर आहे. आयुष्यभर राज्य त्यांनी चालवले, पण स्वतः कधी गादीवर बसले नाहीत. मोगल इतिहासकार म्हणजे शत्रूच्या पगारावरचे लोक. त्यांनीही मरणानंतर त्यांच्या कर्तबगारीची आणि बंदोबस्ताची तारीफ केली.

मुलगा फतेह खान पेशवा झाला. वडिलांची नजर त्याच्यात नव्हती आणि वडिलांचा धाकही नव्हता. निजामशहाने त्याला कैद केले, पुढे सोडले, मग त्यानेच निजामशहाचा जीव घेतला. 1633 मध्ये दौलताबादचा किल्ला त्याने मोगलांच्या हवाली केला. सात वर्षांत सगळे संपले.

आता दुसरी बाजू. राज्य गेले तरी मलिकंबरी धारा गेला नाही. शहाजीराजांच्या पुणे जहागिरीत वसुलीची घडी बसवताना हीच पद्धत धरली गेली. शिवाजी महाराजांच्या काळात नव्याने मोजणी झाली तोवर गावोगावी तिचाच आधार होता, आणि ब्रिटिश अधिकारी कागद चाळू लागले तेव्हाही त्यांना मलिक अंबर हे नाव सापडत राहिले. नहरीचे पाणीही वाहत राहिले. मालक बदलले, झेंडे बदलले. गावच्या पाटलाला धारा माहीत होता आणि भुयाराची तोंडे उघडी होती, म्हणून काम चालू राहिले.

आपल्या कामावर

मघाच्या कळव्याच्या सुपरवायझरकडे परत येऊ. त्याने मलिक अंबर यांच्याकडून काय घ्यावे?

पहिले, मोजल्याशिवाय आकडा ठरवू नये. आठ-पंधरा दिवस स्वतः उभे राहून काम बघावे, अडचणी लिहाव्यात, मगच रोजचे काम ठरवावे. आणि अडचणीच्या दिवशी, लाइट गेली, माल आला नाही, तर त्या दिवसाचा भार दुसऱ्या दिवसावर टाकू नये. पडीक जमिनीचा सारा घ्यायचा नाही, तसेच हे.

दुसरे, दर आणि नियम भिंतीवर लावावेत, कामगाराला वाचता येईल अशा भाषेत. उशिरा आले तर काय, जास्त काम केले तर किती, सुट्टी कशी मिळेल. जो नियम सर्वांना माहीत असतो तो मोडताना माणूस चार वेळा विचार करतो, कारण शेजारचा बघत असतो.

तिसरे, लिहिणारा आणि तपासणारा एकच नसावा. हजेरी एकाने घ्यावी, पगाराचा हिशेब दुसऱ्याने करावा. दुकान छोटे असेल तर निदान महिन्यातून एकदा मालकाने स्वतः हजेरीचे बुक आणि पगाराचे कागद समोरासमोर ठेवून बघावेत.

चौथे, ठेकेदारावर टाकून मोकळे होऊ नये. माणसे आपल्या कामासाठी राबत असतील तर त्यांच्या हाती किती पैसे पडले, वेळेवर पडले का, हे विचारणे आपल्यावर आहे. मजुराची मजुरी घाम वाळायच्या आत द्यावी ही प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. मध्ये ठेकेदार आला म्हणून ती माफ होत नाही.

आणि शेवटचे, जे मलिक अंबर यांना स्वतःला जमले नाही. हाताखालच्या मोठ्या माणसांना, फोरमनला, जुन्या कारागिराला, मर्जीवर ठेवू नये. त्यांच्या कामाचेही मोजमाप ठरलेले असावे आणि मोबदलाही. नाहीतर कामाच्या ऐन दिवसांत तोच माणूस समोरच्या दुकानात जाऊन बसतो.

एक साधी परीक्षा आहे. घरी लग्न आहे म्हणून किंवा उमराहला जायचे म्हणून पंधरा दिवस कामावर जाऊ नका. परत आल्यावर काम जसेच्या तसे चालू असेल तर देखरेख चांगली आहे, अल्लाहचे आभार माना. काम थांबले असेल तर माणसांना दोष देण्याआधी नियम आणि हिशेब एकदा तपासून पाहा.